उत्तरे आईंना देऊ द्या

पत्र: माझी आई ७४ वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांतील मॅक्युलाची, म्हणजे डोळ्याच्या पडद्याच्या मधल्या भागाची, झीज झाल्यामुळे तिला समोरचे नीट दिसत नाही, तरीही ती एकटीच राहण्याचा हट्ट धरते. सरकारी दृष्टी-पुनर्वसन सेवेतील एक कार्यकर्ती घरी येऊन गेली. आईला त्रास नको म्हणून कार्यकर्तीच्या प्रश्नांची उत्तरे मीच दिली. आईला माझ्याकडे राहायला येण्यास कसे राजी करू?
– एक मुलगी

उत्तर: तुमचा प्रश्न मी बाजूला ठेवते, कारण कार्यकर्तीला उत्तरे तुम्ही दिलीत, या वाक्यापुढे मला जाता आले नाही. गरम पाणी ओतताना भांडे भरल्याचे कसे समजते, औषधाच्या दोन बाटल्या वेगळ्या कशा ओळखता, रस्ता ओलांडताना भीती वाटते का, हे प्रश्न केवळ अर्जाचे रकाने भरण्यासाठी नसतात. काय शिकवायचे आणि कोणते साधन द्यायचे, हे त्या उत्तरांवरूनच ठरते. ज्यांना ती ठाऊक होती त्यांना कोणी विचारलेच नाही, याचा मला राग आला आहे.

या आजारात दृष्टीचा मधला भाग जातो, कडेची दृष्टी बहुधा टिकते. म्हणूनच समोरच्याचा चेहरा न ओळखणारी व्यक्ती घरात न अडखळता वावरते आणि घरच्यांना कधी ढोंगी, तर कधी अगदीच असहाय वाटते. उरलेली दृष्टी वापरणे शिकता येते: नजर किंचित बाजूला वळवून वस्तू शाबूत भागात आणणे, वाचताना दिवा कागदाजवळ घेणे, शेगडीच्या बटणावर बोटाला जाणवेल असा उंच ठिपका चिकटवणे, भांडे भरत आले की आवाज करणारे छोटे यंत्र त्याच्या काठावर अडकवणे. हे सरावाने येते, आणि तो सराव आपल्या स्वयंपाकघरात, रोजच्या वस्तूंवर झाला तर उत्तम. तुमच्या घरी नेल्यास प्रत्येक कपाट आणि प्रत्येक पायरी त्यांना नव्याने पाठ करावी लागेल.

दृष्टी गमावलेल्या वृद्धांमध्ये नैराश्याचे प्रमाण मुळातच अधिक असते. त्यात त्यांच्या वतीने बोलून त्यांना आणखी एकटे पाडू नका.

उद्याच त्या सेवेला फोन करून नव्याने मूल्यमापनाची मागणी करा. भेटीची वेळ आईंना ठरवू द्या, दारही त्यांनाच उघडू द्या आणि ती भेट संपेपर्यंत तुम्ही घराबाहेर राहा. प्रशिक्षण पूर्ण होईपर्यंत घर सोडण्याचा विषय काढू नका. कुठे राहायचे, ते त्यानंतर त्या सांगतील.