युद्ध पेटलं तर शत्रू कोकणात उतरून घाट चढून कोल्हापुरात येईल का? असा धोका मोजतात कसा?

घाट चढून कोल्हापुरात फौज, हा सगळ्यात शेवटचा धोका. नुसतं 'येईल का' विचारून काही हाती लागत नाही. काय घेऊन, कुठे आणि कोणत्या महिन्यात, ते विचारा.

फौज उतरवायची तर तशी खास जहाजं आधी गोळा करावी लागतात, आणि ती लपत नाहीत. मग किनारा बघायचा. रणगाडे उतरवणारं जहाज थेट वाळूला नाक लावतं; त्याला ५० मीटरला १ मीटर असा उतार सोयीचा. उतार त्याहून फार कमी असला की जहाज लांबच टेकतं. १९४३ मध्ये पॅसिफिक महासागरातल्या तारावा बेटांवर उतरताना भरतीच्या पाण्याचा अंदाज चुकला, होड्या प्रवाळावर अडकल्या आणि अमेरिकन सैनिकांना गोळीबारात शेकडो मीटर पाण्यातून चालावं लागलं. वाळूमागे काय आहे हे तर त्याहून महत्त्वाचं. कोकणात माडाच्या वाड्या, अरुंद पाखाड्या म्हणजे पायऱ्यांच्या वाटा, बाजूला खाडीचा चिखल, वर जांभ्याचा सडा म्हणजे उघडं कातळी पठार. त्यापुढे करूळ नाहीतर आंबा घाट. एक दरड कोसळली की आपला भाजीचा टेम्पो अडकतो, तिथून फौजेची रसद कुठली चढवताय! पावसाळ्यात तर समुद्रच उतरू देत नाही.

लांबून मारा होणं जास्त शक्य. ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री आपल्या नौदलाने कराचीवर क्षेपणास्त्रं डागली, किनाऱ्यावर एकही सैनिक न उतरवता. म्हणून बंदर, तेलटाक्या, वीजकेंद्र यांचा हिशेब वेगळा मांडतात.

माझ्या मते खरी डोकेदुखी लहान होडीची. रडार किती लांबचं बघेल, याचं ढोबळ गणित: रडारची आणि होडीची उंची मीटरमध्ये घ्या, दोन्हींची वर्गमुळं काढून बेरीज करा, तिला ४.१ ने गुणा. रडार २५ मीटरवर, होडी १ मीटर, म्हणजे जेमतेम २५ किलोमीटर. ताशी ३७ किलोमीटरने येणारी होडी ४० मिनिटांत किनाऱ्याला. तेही समुद्र शांत असला तर. लाटांच्या गोंधळात लाकडी-फायबरची होडी बरीच उशिरा दिसते.

जून-जुलैत यांत्रिक मासेमारी बंद, तेव्हा दिसेल ती यांत्रिक मासेमारी होडी संशयित धरता येते. ऑगस्टपासून गर्दीतली नेमकी एक शोधायची. २६/११ चे दहाजण 'कुबेर' या मासेमारी बोटीतूनच मुंबईजवळ आले होते. अशी होडी आपल्या बंदरातली नाही, हे आधी तिथल्या कोळ्याला कळतं. कोकणात फिरताना तुम्हालाही काही वावगं दिसलं तर सागरी पोलिसांचा नंबर १०९३.