शाळेची ‘लेव्ही’ आणि तिचं ‘रिन्यूअल’ : मराठीत काय म्हणावं?

प्रश्न : मी अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिएटलच्या पूर्वेकडच्या एका उपनगरात राहते. शाळांमधलं तंत्रज्ञान आणि इमारतींच्या सुधारणा यांसाठी आमच्याकडे घरमालकांवर जी लेव्ही (ठरावीक मुदतीचा जादा कर) आहे, तिची मुदत संपत आली आहे आणि तिच्या रिन्यूअलसाठी मतदान होणार आहे. आम्ही काही पालक मराठी कुटुंबांसाठी माहितीपत्रक तयार करतोय. त्यात ‘शाळा उपकराचे नूतनीकरण’ असं लिहिलं, तर कुणाला नीट उलगडा होईना. ‘लेव्ही’च ठेवावं म्हटलं, तर सासूबाईंनी विचारलं, “लेव्ही धान्याची ना?” योग्य शब्द सुचवाल का?

उत्तर : सासूबाईंचं बरोबर आहे. साठ-सत्तरच्या दशकांत ज्यांनी महाराष्ट्रात शेती पाहिली, त्यांच्या लेखी लेव्ही म्हणजे ज्वारीचा नाहीतर भाताचा ठरलेला हिस्सा सरकारी भावाने सरकारला घालणं. ‘लेव्ही घालणे’ हा तेव्हाचा रुळलेला प्रयोग. साखर कारखान्यांची लेव्ही साखर तर २०१३ पर्यंत चालू होती. माथाडी मंडळांच्या कामकाजात हा शब्द आजही रोजचा आहे, तिथे मजुरीवर ठरावीक टक्के लेव्ही मालकाला मंडळात भरावी लागते. म्हणजे शब्द मराठीला चांगला ओळखीचा आहे, पण त्याला सक्तीच्या वसुलीचा वास आहे, आणि शाळेशी त्याचा संबंध कधी आलेला नाही. माहितीपत्रकात नुसतं ‘लेव्ही’ लिहिलं, तर तिथे वाढलेल्या मुलांना कळेल, त्यांच्या आजी-आजोबांना भलतंच कळेल.

‘उपकर’ कोशात सापडतो आणि चूकही नाही. अडचण त्याच्या आजच्या वापराची आहे. २००४ साली केंद्राने २ टक्के शिक्षण उपकर आणला आणि २०१८ पासून तो ४ टक्क्यांचा आरोग्य व शिक्षण उपकर झाला. त्यामुळे पगारदार मराठी माणसाच्या मनात उपकर म्हणजे आयकरावर आणखी थोडा कर, आणि तोही दिल्लीने ठरवलेला. तुमची लेव्ही घराच्या करपात्र मूल्यावर आहे आणि ती लावायची की नाही हे तुमच्या शाळा जिल्ह्याचे (स्कूल डिस्ट्रिक्ट, म्हणजे परिसरातल्या सरकारी शाळा चालवणारी स्थानिक संस्था) मतदार ठरवतात. महाराष्ट्रात तिच्या जवळचं काही असेल, तर ते शहरी मालमत्ता कराच्या बिलात ‘शिक्षण कर’ म्हणून येणारी ओळ. १९६२ च्या कायद्याने आलेला हा कर महापालिका गोळा करते आणि राज्याकडे भरते. नात्याने जवळचा, पण त्यावर मतदान कुणी कधी केलेलं नाही.

मला इथे ‘पट्टी’ हा शब्द मनापासून सुचवावासा वाटतो. घरपट्टी, पाणीपट्टी आपण रोज म्हणतो. (कोल्हापूरकर घरफाळा म्हणतात, तोही सुंदर शब्द, पण बाहेर फारसा समजत नाही.) पट्टीची खुबी अशी की तिच्या आधी कारण जोडलं की शब्द तयार होतो. शिवाजी महाराजांच्या राज्याभिषेकाच्या खर्चासाठीची सिंहासनपट्टी, पेशवाईत कर्ज फेडण्यासाठी बसवलेली कर्जपट्टी. नेहमीच्या कराखेरीज एका नेमक्या कामासाठी बसवलेली वसुली, हा अर्थ या शब्दात आधीपासून मुरलेला आहे, आणि तुमच्याकडच्या लेव्हीचा गाभाही तोच. म्हणून ‘शाळापट्टी’. पहिल्यांदा लिहिताना ‘शाळापट्टी (लेव्ही)’ असं लिहा, म्हणजे मतपत्रिकेवरचा शब्दही ओळखता येईल. पुढे नुसतं शाळापट्टी पुरे.

‘शाळेसाठी वर्गणी’ किंवा ‘योगदान’ मात्र कृपा करून लिहू नका. कानाला ते गोड लागतं, पण वर्गणी ऐच्छिक असते. ठराव मंजूर झाला की विरोधात मत दिलेल्या घरमालकालाही ही पट्टी भरावी लागते, आणि नागरिकत्व नसल्यामुळे मतच देता न येणाऱ्या मराठी घरमालकालाही. कर आहे तर कर म्हणून सांगावा. तुमच्या राज्यात शाळा जिल्ह्याला सरकारी पैशातून ‘होय म्हणा’ असा प्रचार करता येत नाही, फक्त माहिती देता येते. पालकांच्या पत्रकावर ते बंधन नसलं, तरी माहितीपत्रक म्हणून जे वाटायचं, त्यातल्या शब्दाने आपला कल लपवून पुढे सरकवू नये.

आता नूतनीकरण. खरी गडबड इथे आहे. आपण नूतनीकरण परवान्याचं करतो, वाचनालयाच्या सभासदत्वाचं करतो. अर्ज दिला, शुल्क भरलं, जुनंच पुढे चालू. ‘मुदतवाढ’ म्हटलं तर कुणीतरी वरच्याने तारीख पुढे ढकलली असं वाटतं. वॉशिंग्टनमध्ये अशी पट्टी एका वेळी जास्तीत जास्त ६ वर्षांसाठी मंजूर होते आणि मुदत संपली की संपते. नंतर येतो तो वेगळा ठराव. त्याची रक्कम आधीपेक्षा जास्त असू शकते, कमीही असू शकते. साध्या बहुमताने तो मंजूर होतो (२००७ च्या घटनादुरुस्तीपूर्वी शाळांच्या या पट्ट्यांनाही ६० टक्के मतं लागत). तेव्हा ‘संपणाऱ्या शाळापट्टीच्या जागी नवी शाळापट्टी’ असं सरळ लिहावं. मथळ्याला लांब वाटलं तर ‘शाळापट्टीला पुन्हा मंजुरी’. ‘हा नवा कर नाही’ हे वाक्य घालायचं असेल, तर त्याला लागूनच जुनी आणि नवी रक्कम शेजारी शेजारी द्या. रकमेशिवाय ते वाक्य अर्धंच राहतं.

‘दर’ आणि ‘रक्कम’ यांचीही सरमिसळ टाळा. मतदार वर्षाला किती डॉलर गोळा करायचे ती रक्कम मंजूर करतात. दर हजार डॉलर मूल्यामागचा आकडा हा अंदाज असतो. परिसरातल्या घरांची मूल्यं एकूण वाढली, तर दर उतरतो. उदाहरणादाखल, हजारामागे १ डॉलर दर धरला तर ८ लाख डॉलर मूल्याच्या घराला वर्षाला ८०० डॉलर. असं एक उदाहरण सगळ्या व्याख्यांपेक्षा लवकर कळतं.

‘तंत्रज्ञान व इमारत सुधारणा’ हे शब्द बरोबर, पण पोकळ. पैसे कशावर खर्च होणार ते तुमच्या ठरावात असेलच. छत बदलणं असेल तर ‘छत बदलणं’ लिहा, मुलांचे लॅपटॉप असतील तर लॅपटॉप, वाय-फाय असेल तर वाय-फाय. ‘डागडुजी’ किरकोळ कामाला म्हणतात, संपूर्ण वायुवीजन यंत्रणा बदलण्याला नाही.

आणि ‘बाँड’चा उल्लेख येणार असेल, तर त्याला ‘रोखे’ म्हणा, पट्टी नव्हे. रोखे म्हणजे कर्ज, मोठ्या बांधकामासाठी काढलेलं आणि पुढे कित्येक वर्षं मालमत्ता करातून फेडायचं. त्याला तुमच्याकडे आजही ६० टक्के मतं लागतात.