फांदीवरच्या अळ्या मोजायला बसण्याआधी

सरासरी काढायची घाई करू नका. स्प्रूस बडवर्मच्या (स्प्रूससारख्या सूचिपर्णी झाडांच्या कळ्या नि पानं खाणाऱ्या पतंगाच्या) अळ्या फांदीवर सारख्या पसरलेल्या नसतात. मादी अंडी पुंजक्याने घालते, वसंतात अळ्या कोवळ्या कळ्यांकडे धाव घेतात, त्यामुळे एका शेंड्यावर गर्दी आणि शेजारचा रिकामा, हे नेहमीचंच. प्रसरण (व्हेरिअन्स, म्हणजे आकडे सरासरीभोवती किती विखुरलेत त्याचं माप) सरासरीपेक्षा बरंच जास्त आलं तर दचकू नका. वितरण पुंजक्यांचं आहे, एवढाच त्याचा अर्थ. तिथे प्वासाँ वितरण (अळ्या यदृच्छेने विखुरल्यात असं धरणारं, प्रसरण सरासरीइतकंच असणारं) सोडून ऋण द्विपद वितरण (निगेटिव्ह बायनॉमिअल, ज्यात प्रसरण सरासरीहून जास्त असतं) लावून बघा.

नमुन्यासाठी झाडाच्या मधल्या भागातल्या फांदीचा ४५ सेंटिमीटरचा शेंडा घ्यायची रूढ पद्धत आहे, तीच धरा. एकाच झाडाच्या दहा फांद्या कापण्यापेक्षा दहा झाडांची एकेक फांदी माझ्या मते केव्हाही बरी. आणि हो, कापण्याआधी खाली पिशवी धरा! धक्का बसला की अळी रेशमाच्या धाग्याला लटकून खाली सुटते.

घरी आल्यावर अळीच्या रेशमी जाळीने चिकटलेल्या सुया (झाडाची सुईसारखी पानं) चिमट्याने एकेक सोडवा. आत विष्ठेचे बारीक दाणे दिसले तरी अळी असेलच असं नाही. दिसेल तीच मोजा. शून्य आलेल्या फांद्याही वहीत लिहा, नवखे नेमक्या त्याच गाळतात.