तुमचे प्रश्न : समुद्राकाठी महोत्सव करायचाय, सुरुवात कुठून करू?

प्रश्न : ताई नमस्कार, आम्ही वर्सोवा कोळीवाड्यातली काही पोरंपोरी. कोण चित्रं काढतं, कोण लग्नाच्या बँडमध्ये वाजवतं, आणि गावातल्या म्हाताऱ्या बायांना जुने धवले, म्हणजे लग्नातली गाणी, अजून पाठ आहेत. येत्या जानेवारीत धक्क्याजवळ तीन दिवसांचा कला महोत्सव करायचाय, गावाच्या वर्गणीतून. एक इव्हेंटवाला म्हणतोय सगळं माझ्यावर सोडा, स्पॉन्सर पण आणतो. काय करू?
— एक वाचक, वर्सोवा

उत्तर : वाचून खूप बरं वाटलं. इव्हेंटवाल्याला लगेच हो म्हणू नका, तो माणूस वाईट असेल असं मी म्हणत नाही, पण तारीख त्याच्या हातात गेली की तो शनिवार-रविवार बघणार आणि तुमच्याकडे आधी तिथी बघावी लागते. घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा, तो सांगेल की तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, म्हणजे अष्टमीला साधारण सहा आणि पुनवेला-अवसेला बाराच्या आसपास. आता पुनवेचं चांदणं छान दिसतं म्हणून कार्यक्रम तेव्हा ठेवलात तर संध्याकाळी ओहोटी असेल, वाळू मोकळी दिसेल, स्टेज पुढे सरकवावंसं वाटेल, आणि रात्री बाराला उधाणाचं पाणी थेट वायरींपर्यंत येईल. त्यापेक्षा अष्टमी ते दशमी धरा. भरती संध्याकाळीच येते पण भांगाचं, म्हणजे कमी जोराच्या भरतीचं, पाणी उंच चढत नाही. शिवाय डोलजाळ्याला, म्हणजे वाहत्या पाण्यात लावलेल्या पिशवीसारख्या जाळ्याला, उधाणाची ओढ लागते, भांगाला धंदा मंदावतो, म्हणजे बोटीवरची माणसं घरी असतात. ज्यांचं गाव त्यांनाच महोत्सव बघायला मिळाला नाही तर काय उपयोग? जानेवारी बरोबर निवडलात, फेब्रुवारीत बारावीची बोर्डाची परीक्षा लागते आणि मग कुणी माइक लावू देणार नाही.

जागेचं बोलू. तुम्हाला जे मोकळं मैदान दिसतंय ते मोकळं नाहीये. तिथे वलांड्या, म्हणजे मासळी सुकवायच्या बांबूच्या मांडण्या आहेत, बोंबील सुकतोय, कुणी जाळं विणत बसलंय, आणि त्या दिवसांत सुकवायचं काम जोरात असतं. म्हणून स्टेजचा नकाशा काढायच्या आधी सुकवणाऱ्या बायकांसोबत तिथे उभं राहून विचारा की कुठली जागा संध्याकाळी रिकामी होते. त्या सांगतील तेवढीच घ्या, छोटी पडली तरी चालेल. मांडव त्यांच्या वलांड्या हलवून घातला तर पुढच्या वर्षी गाव वर्गणी देणार नाही, आणि देऊ पण नये असं माझं मत आहे.

पैशाचं म्हणाल तर दक्षिण मुंबईतल्या काळा घोडा कला महोत्सवाचं उदाहरण बघा, १९९८ मध्ये आधी असोसिएशन झाली, १९९९ ला पहिला महोत्सव झाला, प्रवेश फुकट, आणि उभे राहिलेले पैसे त्याच परिसरातल्या जुन्या वास्तूंच्या डागडुजीला. आधी संस्था, मग महोत्सव, हा क्रम मला फार पटतो. तुमच्या गावात नोंदणी झालेलं मंडळ असेल तर त्याच्याच खात्यातून व्यवहार करा. नसेल तर गणपती मंडळं धर्मादाय आयुक्तांकडून वर्गणी गोळा करायची, कलम ४१ क ची परवानगी घेतात तशी तुम्हाला लागेल का ते वरळीच्या ऑफिसात विचारून घ्या, आणि विना पावती एक रुपया घेऊ नका. हिशोब धक्क्यावर चिकटवा, मोठ्या अक्षरात. स्पॉन्सर नंतर आला तर येऊ दे, पण बॅनर कुठे लागणार ते तुम्ही सांगायचं.

परवानग्या म्हणजे वॉर्ड ऑफिस, पोलीस स्टेशन, फायर ब्रिगेड, दोन महिने आधीपासून फेऱ्या माराव्या लागतील. एकांकिका ठेवणार असाल तर संहितेला रंगभूमी प्रयोग परिनिरीक्षण मंडळाचं प्रमाणपत्र लागतं, हे पोरं विसरतात आणि आयत्या वेळी प्रयोग रद्द होतो. लाउडस्पीकर रात्री १० ला बंद म्हणजे बंद. रात्री बारापर्यंतची सूट वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस सरकार देतं, ती तुमच्या तारखांना मिळेल असं धरून चालू नका. राहत्या वस्तीत दिवसाची मर्यादा ५५ डेसिबल आहे, बँड त्याच्या कितीतरी वर जातो, तेव्हा बँड लवकर, पाच-सहाला.

आणि धवल्यांना स्टेजवर नेऊच नका असं मला मनापासून वाटतं. कुणाच्या तरी ओटीवर चटई टाका, धवले म्हणणारी धवलारीण मध्ये, बाया भोवती, माइक एकच आणि तोही हळू. ते गाणं हळद लागताना, मांडवात, माणसांच्या गर्दीत म्हटलं जायचं, समोर खुर्च्या मांडून ते बसत नाही. बाजूला एक शाळकरी पोर वही घेऊन बसवा, शब्द उतरवून घ्यायला.

प्रश्न : माझ्या मुलीला एका महोत्सवात नाचायला बोलावलंय. मानधन नाही म्हणतात, व्हिडिओ काढू, एक्सपोजर मिळेल. पाठवू का?
— एक आई, गिरगाव

उत्तर : त्यांना सरळ विचारा की मांडववाल्याला, साउंडवाल्याला पैसे देताय का. देत असतील तर नाचणाऱ्या मुलीलाही द्यायला हवेत, थोडे का होईना. सगळेच खरोखर फुकट राबत असतील, गावाचं काम असेल, तर जाऊ दे तिला, पण जाण्यायेण्याचा खर्च, जेवण आणि कपडे बदलायला कडीची खोली एवढं आधी कबूल करून घ्या. व्हिडिओचं मात्र लेखी घ्या. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात कलाकाराचा स्वतःच्या सादरीकरणावर हक्क आहे, तो ५० वर्षं टिकतो, आणि त्याच्या संमतीशिवाय रेकॉर्डिंग करून ते विकता येत नाही. व्हिडिओ कुठे टाकणार, किती दिवस, जाहिरातीत वापरणार का, हे एका कागदावर येऊ दे आणि सही झाल्यावरच तालमीला पाठवा.

वर्सोव्याच्या पोरांनो, ओटीवर गाणाऱ्या आज्यांनाही हेच लागू आहे. त्यांना विचारल्याशिवाय मोबाइल चालू करू नका, आणि पाकीट त्यांच्या हातात कार्यक्रमाच्या आधी द्या.