लेकाच्या डोक्यावर हेल्मेट

प्रश्न : सर, नमस्कार. मुलगा सप्टेंबरात एमएस्सीला बर्मिंगहॅमला गेला. परवा व्हिडिओ कॉलवर बघते तर खांद्यावर कासवाच्या पाठीसारखं काहीतरी आणि डोक्यावर जाळीचं हेल्मेट! विद्यापीठाच्या ‘लायन्स’ संघात अमेरिकन फुटबॉल खेळतोय म्हणे. मार लागतो म्हणून आम्ही दहावीला त्याची कबड्डी बंद केली होती. अमेरिकेचा खेळ इंग्लंडात कसा? आणि यात धोका किती?
– एक आई, विश्रामबाग, सांगली

उत्तर : ताई, रागावू नका, पण दहावीला दाबलेली कबड्डी अशीच कुठंतरी वर येते. एकतीस वर्षं शाळेत खेळ शिकवलाय, त्यावरून सांगतो.

मागच्या हिवाळ्यात पुतणीकडे इंग्लंडात होतो. रविवारी कानटोपी घालून तिथल्या एका विद्यापीठाच्या मैदानावर हा खेळ बघायला गेलो. पहिला अर्धा तास काही कळेना. चार-पाच सेकंद धक्काबुक्की, लगेच शिट्टी, सगळे उभे. मला वाटलं, दर वेळी कुणाला तरी लागतंय. शेजारच्या पोरानं समजावलं. (त्याचा हात गळ्यात बांधलेला होता, हे तुम्हाला सांगायला नको होतं.) ज्यांच्याकडे चेंडू, त्यांना चार चढाया. तेवढ्यात दहा यार्ड पुढं सरकायचं. जमलं तर पुन्हा चार, नाही तर चेंडू समोरच्यांना. शंभर यार्डांचं मैदान पार करून चेंडू पलीकडच्या पट्ट्यात नेला की सहा गुण. चढाई, पकड, मधली रेष... मला तर घरी आल्यासारखं झालं.

आता इंग्लंडात कसा आला ते. टीव्हीवरून! नोव्हेंबर १९८२ मध्ये तिथं चॅनल फोर ही नवी वाहिनी सुरू झाली. ती रविवारी अमेरिकेतल्या सामन्यांची क्षणचित्रं दाखवायची. बघणाऱ्यांना खाज सुटली. १९८३ मध्ये लंडन रेव्हन्स हा संघ उभा राहिला. ऑगस्ट १९८६ मध्ये शिकागो आणि डॅलसचे अमेरिकन संघ थेट लंडनच्या वेम्बली मैदानावर आले, तेव्हा ऐंशी हजारांवर लोक जमले. शिकागो १७-६ नं जिंकलं. टीव्हीपुढं वाढलेली ही पोरं पुढं विद्यापीठांत पोचली आणि त्याच दशकाच्या उत्तरार्धात तिथं एकेक संघ निघू लागला. तुमच्या लेकाचा लायन्सही त्याच लाटेतला. सुरुवातीला विद्यार्थ्यांच्या लीग वेगळ्या चालायच्या. २०१२ पासून ब्रिटनमधल्या विद्यापीठांच्या खेळांची मुख्य संस्था, बक्स, हे सामने भरवते.

गंमत म्हणजे अमेरिकेतही हा खेळ कॉलेजच्या पोरांनीच काढलेला. ६ नोव्हेंबर १८६९ ला रटगर्स आणि प्रिन्स्टन यांच्यात पहिला सामना झाला असं मानतात. एका बाजूला पंचवीस-पंचवीस पोरं! तेव्हा तो आपल्या साध्या फुटबॉलच्या जवळचा होता. रग्बीचं वळण नंतर लागलं. म्हणजे इंग्लंडची रग्बी अमेरिकेला गेली, वेश बदलून टीव्हीतून परत आली.

इंग्लंडातल्या या संघांमधल्या बहुतेक पोरांनी विद्यापीठात येईपर्यंत हा चेंडू हातातही घेतलेला नसतो. त्यामुळं तुमचा लेक काही मागं पडलेला नाही. क्लबचा कारभारही विद्यार्थीच बघतात. वर्गणी भरायची, हेल्मेट आणि खांद्याचे पॅड बहुतेक वेळा क्लबकडूनच मिळतात.

धोक्याचं खोटं सांगणार नाही. गुडघा, खांदा, बोटं जातात. खरी भीती डोक्याची. हेल्मेटनं कवटी वाचते, पण आत मेंदूला बसणारा हिसका थांबत नाही. म्हणून डोक्यानं धडक देणं नियमाबाहेर आहे आणि मेंदूला हिसका बसल्याची नुसती शंका आली तरी खेळाडूला बाहेर काढायचं असतं. त्या दिवशी तो पुन्हा उतरत नाही. ‘थोडं गरगरतंय, पण खेळतो’ ही आपल्या पोरांची मर्दुमकी तिथं नको, एवढं मात्र त्याला खडसावून सांगा. बाकी ‘हेल्मेट नीट बसतं का’ हे विचारा. ‘कशाला खेळतोस’ हे विचारू नका, नाही तर पुढच्या वेळी तो व्हिडिओ बंद ठेवूनच बोलेल.

आणि एक, कबड्डीत तो चढाईला होता की कोपऱ्याला? चढाईचा असेल तर चेंडू घेऊन पळायला लावतील, कोपऱ्याचा असेल तर पकडीला. कळवा मला.