वजन कमी करताना संध्याकाळच्या भुकेला काय खावे? डाएट चिवडा चालतो का?

आपण लिहिले आहे की दुपारचे जेवण एक वाजता होते, घरी पोहोचायला साडेआठ वाजतात आणि मधल्या वेळेत अशी कडकडून भूक लागते की दिवसभर सांभाळलेले पथ्य मोडते. अशा वेळी डाएट चिवडा किंवा डायजेस्टिव्ह बिस्किटे चालतील का, असा आपला प्रश्न आहे. मी आहारतज्ज्ञ नाही. परंतु फोर्टात नोकरी आणि कल्याणला घर अशी ये-जा करत मी चौदा महिन्यांत अकरा किलो वजन उतरवले आणि त्या काळातल्या माझ्या बहुतेक चुका संध्याकाळी पाच ते आठ या वेळेतच झाल्या, म्हणून हे उत्तर लिहीत आहे.

सर्वप्रथम, ही भूक खोटी नाही. एकला जेवलेल्या माणसाला साडेपाचला भूक लागणारच. ती चहावर मारली की स्थानकाबाहेर वडापावची गाडी दिसताच संयम सुटतो. सुरुवातीचे दोन महिने मी हेच केले. त्यातही दोन चमचे साखरेचे चार चहा म्हणजे दिवसाला आठ चमचे साखर, सुमारे दीडशे कॅलरी, पोटात जात होती आणि ती मी कधी मोजलीच नव्हती.

डाएट चिवड्याबद्दल माझे मत फारसे चांगले नाही. पाकिटावर पुढच्या बाजूला काय छापले आहे याकडे न पाहता मागे उलटून घटकांची यादी वाचावी. त्यात जो पदार्थ वजनाने सर्वांत जास्त असतो तो आधी लिहिलेला असतो, त्यामुळे तेल किंवा साखर पहिल्या तीन नावांत आली की काय ते समजावे. डायजेस्टिव्ह बिस्किटांचेही तसेच आहे. मैद्याऐवजी थोडी कणीक आणि कोंडा असला तरी 100 ग्रॅमला साडेचारशे ते पाचशे कॅलरी असतातच, आणि दोन बिस्किटांवर थांबणारा माणूस मी तरी पाहिलेला नाही.

मात्र माझे डोळे उघडले ते शेंगदाण्यांनी. भाजलेले शेंगदाणे पौष्टिक असतात हे खरेच आहे, म्हणून मी डबा शेजारी ठेवून काम करता करता मूठमूठ खात असे. एकदा सहज स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर माझी एक मूठ ठेवून पाहिली, तर ती 38 ग्रॅम भरली. 100 ग्रॅम शेंगदाण्यांत साधारण 570 कॅलरी असतात, म्हणजे ती एक मूठ सव्वादोनशेच्या घरात गेली. आमच्या घरच्या पातळ भाकरीत याहून कमी असतात. आणि मी तर अशा तीन मुठी खात होतो. दोष शेंगदाण्यांचा नव्हता, उघड्या डब्याचा होता. तेव्हापासून मी जे खायचे ते सकाळीच वाटीने मोजून छोट्या डबीत भरतो आणि मोठा डबा घरीच राहतो.

माझ्या डबीत बहुतेक दिवशी अर्धी वाटी फुटाणे आणि मोठी वाटीभर चुरमुरे असतात. नुसते चुरमुरे दिसायला भरपूर, पण तासाभरात पोट पुन्हा रिकामे. फुटाण्यांत प्रथिने आणि चोथा असल्यामुळे ते दम धरतात. साडेपाच वाजता त्यात कांदा, काकडी आणि लिंबू घालून सुकी भेळ करतो, शेव मात्र नाही. हे सगळे मिळून दीडशे ते पावणेदोनशे कॅलरींत बसते. कधी दोन उकडलेली अंडी, कधी एखादा पेरू, थंडीत उकडलेल्या शेंगा (सालासकट, कारण सोलायला वेळ लागतो आणि हात आपोआप सावकाश चालतो). मोड आलेली मटकी वाफवून नेण्याचा बेतही उत्तम, पण मे महिन्यात नेऊ नये. मी नेली होती. पाच वाजता झाकण उघडले तेव्हा मटकी उतरली होती आणि शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने न बोलता खिडकी उघडली.

उपवासाचेही आपण विचारले आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ पिष्ट, त्यात तूप आणि दाण्याचे कूट, त्यामुळे बशीभर खिचडी संध्याकाळचे मधले खाणे म्हणून धरता येत नाही, ते जेवणच समजावे. त्या दिवशी मी ताक आणि एखादे फळ घेतो, आणि खिचडी खायचीच असेल तर दुपारच्या जेवणाच्या जागी खातो.

आपण मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेत असाल, तर खाण्याच्या वेळा आणि प्रमाण बदलण्याआधी आपल्या डॉक्टरांना अवश्य विचारावे. माझा अनुभव तिथे लागू पडत नाही.