बर्लिनला येण्याआधी दहा डोक्यांना टोपी घाल

तू विचारलंस, "ताई, पुण्यात बायोमेडिकलचं शेवटचं वर्ष आहे. चालत्या-फिरत्या माणसाचा मेंदू मोजायला शिकायचंय. बर्लिनला येऊ का, आणि तयारी काय करू?"

ये. या विषयासाठी बर्लिनला यावं असं मला मनापासून वाटतं. याच देशात, येनाला, हान्स बेर्गर यांनी १९२४ साली माणसाचा पहिला ईईजी, म्हणजे मेंदूतल्या विद्युतलहरींचा आलेख, घेतला. पुढे कित्येक दशकं माणसाला बसवूनच मोजलं गेलं. एमआरआयमध्ये तर आडवं पडून, डोकं जराही न हलवता. पण आपण कुठे वळलो हे डोळ्यांइतकंच आतला कान, मान आणि पायही सांगतात. बर्लिनच्या टेक्निकल युनिव्हर्सिटीतल्या क्लाऊस ग्रामान यांच्या गटाने २०२१ मध्ये लोकांना एकदा प्रत्यक्ष वळायला लावलं आणि एकदा नुसतं समोरचं दृश्य फिरवलं. दृश्य फिरताना अल्फा लहरींचा, म्हणजे सेकंदाला साधारण आठ ते बारा वेळा हेलकावणाऱ्या मेंदूलहरींचा, जोर ओसरला. बसवून केलेल्या प्रयोगांत हेच दिसत आलं होतं. स्वतः वळताना मात्र तसं झालंच नाही! हे वाचलं आणि मी इकडेच वळले.

तयारी म्हणशील, तर आधी हात बसव. कॉलेजात किंवा ओळखीच्या न्यूरॉलॉजी विभागात ईईजीची टोपी घालायला शिक. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मध्य काढायचा, बोथट सुईच्या सिरिंजने केस बाजूला सारत टोपीतल्या एकेका इलेक्ट्रोडखाली, म्हणजे लहरी टिपणाऱ्या चकतीखाली, जेल सोडायचं. १२८ इलेक्ट्रोड असले की पाठ भरून येते. तेल लावलेलं डोकं असेल तर आधी धुवायला सांगायचं. मग त्या माणसाला चालव आणि मानेचे स्नायू सिग्नलमध्ये कसे घुसतात ते स्वतः बघ. इंडिपेंडंट कंपोनंट ॲनालिसिसने, म्हणजे मिसळलेले सिग्नल सुटे करणाऱ्या गणिती पद्धतीने, ते वेगळे काढता येतात. त्यासाठी पायथॉनमधलं एमएनई हे मेंदूलहरी तपासायचं सॉफ्टवेअर फुकट आहे, आजच सुरू कर.

आणि जर्मन शिक, निदान बी-१ पर्यंत, म्हणजे रोजचं बोलणं जमेल अशा मधल्या पातळीपर्यंत. लॅबमध्ये इंग्रजी चालतं, पण प्रयोगाला येणाऱ्या आजी-आजोबांचं काय? पहिल्या वर्षी एक आजी व्हीआरचा (आभासी दृश्य दाखवणारा) चष्मा लावून चालताना हळूच म्हणाल्या, "मिअर इस्ट श्विंडलिश." चक्कर येतेय, हे मला कळलंच नाही, सहकाऱ्याने धावत येऊन त्यांना खुर्चीत बसवलं. त्यांचा थरथरणारा हात अजून आठवतो. आपल्या भरवशावर माणूस डोळे झाकून चालत असतो गं.

पैशांचं थोडक्यात: मास्टर्सच्या व्हिसासाठी ब्लॉक्ड अकाउंटमध्ये, म्हणजे दरमहा ठरावीकच रक्कम काढता येते अशा खात्यात, वर्षाच्या खर्चाचे पैसे दाखवावे लागतात (२०२५ मध्ये ११,९०४ युरो होते) आणि आपली शैक्षणिक कागदपत्रं खरी असल्याचं एपीएस प्रमाणपत्र लागतं. त्याला वेळ लागतो, म्हणून अर्ज आधीच टाक. पीएचडी इथे बहुतेकदा पगारी नोकरी असते.

पहिल्या डोक्याचा डेटा मिळाला की मला पाठव, मानेचा गोंधळ कुठे आहे ते आपण दोघी मिळून बघू.